फ्रिजवर कोड आला? आधी वाचा, मग पैसे मोजा

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. उत्तर नागपुरात दोन खोल्यांच्या घरात आम्ही राहतो. वर टिनाचे पत्रे. उन्हाळ्यात रात्री अकरा वाजताही भिंतीला हात लावला तर चटका बसतो. अशाच एका रात्री स्वयंपाकघरातून पीं-पीं असा आवाज येऊ लागला. उठून पाहतो तर फ्रिजच्या दारावर, जिथे एरवी थंडीचा आकडा दिसतो, तिथे इंग्रजी ‘ई’ आणि त्यापुढे एक आकडा लुकलुकत होता.

हा फ्रिज आमच्या घरी आला तो भिशीच्या पैशांवर आणि अठरा महिन्यांच्या हप्त्यांवर. शेवटचा हप्ता फेडून जेमतेम चार महिने झाले होते. वॉरंटीचे एक वर्ष मात्र केव्हाच संपले होते. फ्रिजमध्ये दूध होते, दुसऱ्या दिवशीच्या डब्याची भाजी होती, आणि दाराच्या कप्प्यात सासूबाईंच्या इन्सुलिनच्या दोन नव्या बाटल्या होत्या.

आपल्या घरात अशा वेळी जे होते तेच झाले. पहिला संशय लेकरावर. सातवीतल्या मुलीला सगळ्यांनी घेरले. “काय दाबलं वं तू?” ती रडवेली होऊन म्हणाली, “मी हातबी नाही लावला.” कोणी ऐकले नाही.

सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून कारागीर आणला. त्याने भिंतीवरचा स्विच बंद करून पुन्हा चालू केला, तसा कोड गेला. फ्रिजला कान लावला, दोन मिनिटे इकडे-तिकडे पाहिले आणि म्हणाला, “बोर्ड गेला ताई. साडेपाच हजार पडतील. आजच हो म्हणा, नाहीतर उद्या कॉम्प्रेसरबी जाईल.”

साडेपाच हजार! जूनमध्ये शाळेची फी भरायला म्हणून डब्यात बाजूला ठेवलेली रक्कम जवळपास तेवढीच होती. तो डबा आम्ही काढलाही. तेवढ्यात शेजारच्या काकूंचा मुलगा आला. त्याने आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड केलेला आहे. त्याने एकच प्रश्न विचारला, “काकू, कोड कोणता होता?”

घरातल्या चार मोठ्या माणसांपैकी एकालाही सांगता येईना. ‘ई’ होता, एवढेच आठवत होते. मुलगी आतून वही घेऊन आली. शेवटच्या पानावर तिने रात्रीच कोड आणि वेळ लिहून ठेवली होती. पेटीत साड्यांच्या खाली ठेवलेले माहितीपुस्तकही तिनेच शोधून काढले. त्यातल्या तक्त्यात त्या कोडपुढे लिहिले होते, फ्रीजरमधला पंखा. बोर्डाचे तिथे नावही नव्हते.

मुलाने फ्रीजरचे दार उघडले. आत मागच्या जाळीच्या फटींत पांढरा बर्फ दाटलेला होता. मग दहा रुपयांची नोट दारात धरून दार लावले आणि ओढली. खालच्या कोपऱ्यात ती अलगद निघून आली. दाराचे रबर तिथे सुटले होते. आमचा कूलर दिवसभर चालतो. त्याची ओलसर हवा त्या फटीतून आत जाऊन गोठत होती, आणि त्या बर्फाने पंख्याची पाती अडवली होती. एवढाच तो आजार!

फ्रिज रिकामा केला, प्लग काढला, दोन्ही दारे उघडी ठेवली, खाली जुन्या चादरी पसरल्या. पूर्ण एक दिवस आणि एक रात्र तसाच ठेवला. केवढे पाणी निघाले! रबर कोमट पाण्याने आणि साबणाने धुतले, दाबून खाचेत बसवले. त्यानंतर तो कोड पुन्हा आलेला नाही. साडेपाच हजार डब्यात राहिले. मुलीची माफी मागायला आम्हाला जरा वेळ लागला, पण मागितली.

दर वेळी असे फुकटात निभावेल असे आम्ही म्हणत नाही. बोर्ड खरोखरही जळतो, विशेषतः विजेचा दाब एकाएकी वाढला तर. पण बोर्ड गेला की पंखा अडला, हे पाहण्याआधीच पैसे मोजणे शहाणपणाचे नाही. म्हणून या प्रकरणात आम्ही जे शिकलो ते येथे देत आहोत.

कोड म्हणजे नेमके काय?

जुन्या फ्रिजमध्ये थंडी कमी-जास्त करायला एक गोल बटण असे. आजच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये हे काम एक छोटा बोर्ड करतो. त्याला आतली खबर देतात ते सेन्सर. सेन्सर म्हणजे वायरीच्या टोकाला बसवलेला मण्याएवढा तुकडा. तो थंड झाला की त्यातून वीज जायला अडथळा वाढतो, गरम झाला की कमी होतो. त्यावरून बोर्डाला कळते की आत किती थंडी आहे. वायर तुटली किंवा सेन्सर भिजून बिघडला तर बोर्डाकडे वेडीवाकडी खबर जाते. पंखा फिरला नाही तरी बोर्डाला ते कळते. मग तो दारावर कोड दाखवतो.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. कोड ही तक्रार आहे, निदान नव्हे. लेकरू ‘पोट दुखते’ म्हणते तेव्हा आपण लगेच ऑपरेशनला नेत नाही. काय खाल्ले, ताप आहे का, हे आधी पाहतो. ‘पंखा’ असा कोड आला म्हणजे पंखाच जळाला असे नसते. तो बर्फात अडकला असेल, त्याची वायर निसटली असेल, क्वचित बोर्डही गेला असेल. कोड फक्त सांगतो की कोणत्या बाजूने पाहायला सुरुवात करावी.

प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी

आमच्या फ्रिजवरचा आकडा आम्ही मुद्दाम सांगत नाही, कारण दुसऱ्या कंपनीच्या फ्रिजवर त्याच आकड्याचा अर्थ निराळा निघतो. नमुना म्हणून काही कोड देतो. एलजीच्या फ्रिजवर ‘ईआर’च्या पुढे ‘एफएफ’ दिसले तर फ्रीजरचा पंखा, ‘सीएफ’ दिसले तर मागे कॉम्प्रेसरजवळचा पंखा, ‘एफएस’ म्हणजे फ्रीजरचा सेन्सर, ‘डीएच’ म्हणजे बर्फ वितळवणारा हीटर, आणि ‘सीओ’ म्हणजे दोन बोर्डांमधले बोलणे तुटले. सॅमसंगच्या फ्रिजवर ‘२२’ आणि ‘ई’ किंवा ‘सी’ आले तर पंख्याकडे पाहावे लागते.

सॅमसंगवरच कधी ‘ओएफ ओएफ’ अशी अक्षरे येतात. हा बिघाड नव्हेच. दुकानात फ्रिज मांडून ठेवताना दिवे लागावेत पण थंडी चालू राहू नये, यासाठी केलेली ती सोय आहे. दोन बटणे एकदम दाबली गेली की घरीही ती चालू होऊ शकते. मग दिवा लागतो, पण फ्रिज थंड करत नाही. ती बंद कशी करायची हे माहितीपुस्तकात दिलेले असते. पाच मिनिटांचे काम. माहीत नसेल तर मात्र याच ‘बिघाडा’चे कोणी शेकडो रुपये घेऊन जाईल.

ज्या फ्रिजवर आकड्यांची पट्टी नसते, त्यांपैकी काहींत एक छोटा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. ते किती वेळा, हे मोजावे. तोही कोडच.

कोड दिसताच काय करावे?

१. सर्वात आधी कोड जसाच्या तसा लिहून घ्यावा, किंवा मोबाइलवर फोटो काढावा. वेळ लिहावी. त्या वेळी वीज गेली-आली होती का, हेही लिहावे. स्विच बंद केल्यावर कोड पुसला जातो आणि मग हातात काही उरत नाही.

२. माहितीपुस्तक काढावे. हरवले असेल तर दाराच्या आत किंवा फ्रिजच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवरचा मॉडेल नंबर लिहून घ्यावा. कंपनीच्या माणसाला फोन केला की तो पहिल्यांदा हाच नंबर विचारतो.

३. मग प्लग काढावा. किमान दहा मिनिटे थांबून पुन्हा लावावा. लगेच चालू-बंद करू नये. कॉम्प्रेसरच्या नळ्यांतला दाब समान व्हायला वेळ लागतो. तोपर्यंत त्याला जोर लावून चालू करणे म्हणजे धापा टाकणाऱ्या माणसाला पळवणे. विजेच्या झटक्याने आलेला कोड एवढ्यानेच जातो. तोच कोड काही तासांनी परत आला तर बिघाड खरा समजावा.

४. दार पाहावे. नोट धरून चारही बाजूंनी तपासावी. जिथे ती सैल निघते, तिथे रबर मळले आहे किंवा सुटले आहे. मोठे पातेले मध्ये येऊन दार अर्धवट राहते का, तेही पाहावे.

५. आतली मांडणी पाहावी. मागच्या जाळीला चिकटून पिशव्या कोंबल्या की थंड हवेची वाट बंद होते.

६. फ्रिज भिंतीला टेकलेला नसावा. मागे आणि बाजूंना चार-चार बोटे तरी जागा असावी. उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या मागे दिसत असतील तर प्लग काढून त्यांवरची धूळ कोरड्या ब्रशने झाडावी. त्या दिसत नसतील तर बहुधा बाजूच्या पत्र्याच्या आत असतात. म्हणून फ्रिजची बाजू गरम लागली तर घाबरू नये.

७. विजेचा दाब पाहावा. ट्यूबलाइट मंद होत असेल, पंखा हळू फिरत असेल, तर दोष फ्रिजचा नसून लाइनचा असू शकतो. फ्रिज एक्स्टेंशन बोर्डावर चालवू नये. दाराला हात लावताच झिणझिणी आली तर फ्रिज त्याच क्षणी बंद करावा आणि आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

आपल्याकडचा उन्हाळा हेही एक कारण आहे. फ्रिजच्या लेबलावर ‘क्लायमेट क्लास’ लिहिलेला असतो. ‘टी’ असेल तर तो १६ ते ४३ अंश उष्णतेत नीट चालावा असा बनवलेला असतो. ‘एसटी’ ३८ अंशांपर्यंत, ‘एन’ ३२ अंशांपर्यंत. नागपुरात, चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, आणि पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात चूल पेटली की आणखी वर. अशा खोलीत फ्रिज रात्रंदिवस धडपडत राहतो. म्हणून तो शेगडीपासून दूर आणि खिडकीच्या उन्हाबाहेर ठेवावा. नवा घेताना हे अक्षर पाहूनच घ्यावा.

अन्न आणि औषध आधी सांभाळा

फ्रिज दुरुस्त होईल तेव्हा होईल. बंद पडलेल्या फ्रिजचे दार सारखे उघडू नये. दार बंद राहिले तर खालच्या कप्प्यातली थंडी साधारण ४ तास टिकते. आपल्या उन्हाळ्यात त्याहून कमीच धरावी. शिजवलेले अन्न खोलीत २ तासांच्या वर ठेवू नये, आणि कडक उन्हाळ्यात एका तासातच संपवावे. ‘पुन्हा उकळू, काही होत नाही’ असे आपण म्हणतो. उकळल्याने जंतू मरतात, पण काही जंतूंनी अन्नात सोडलेले विष उकळूनही जात नाही. शिळा भात आणि मटण यांबाबत विशेष जपावे. वाटीभर भाजी टाकताना जीव तुटतो, हे खरे. पण दवाखान्याचा खर्च भाजीहून मोठा असतो.

इन्सुलिनची न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते. आम्ही त्या रात्रीच दोन्ही बाटल्या शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवल्या. तशी सोय नसेल तर जुना उपाय कामी येतो. एका मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून त्यात लहान मडके बसवावे, बाटली प्लास्टिकच्या कोरड्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवावी, वर ओले फडके टाकावे आणि मडके सावलीत, वाऱ्याला ठेवावे. विदर्भाच्या कोरड्या हवेत मडके चांगले थंड होते. ते फ्रिजइतके थंड होत नाही, पण खोलीतल्या उष्णतेपेक्षा पुष्कळ बरे. बाटली बर्फाला टेकवून मात्र कधीच ठेवू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरायचे नसते. औषधात गुठळ्या दिसल्या, रंग बदलला किंवा शंका आली, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचू नये.

हे कदापि करू नका

बर्फ काढायला सुरी, उलथणे, स्क्रूड्रायव्हर लावू नये. आतल्या नळ्या बहुधा ॲल्युमिनियमच्या आणि नाजूक असतात. एक टोक लागले की नळीला भोक पडते, गॅस निघून जातो आणि शंभराचे काम हजारांवर जाते. बर्फ आपोआप वितळू द्यावा. उकळते पाणीही ओतू नये, त्याने प्लास्टिक तडकते.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. आजच्या पुष्कळ फ्रिजमध्ये ‘आर-६००ए’ नावाचा गॅस असतो. हा आयसोब्युटेन, पेट घेणारा. फ्रिजमध्ये तो थोडाच असतो आणि नळ्यांत बंद असतो, तोपर्यंत भीती नाही. पण आपल्या घरात शेगडी आणि फ्रिज एकाच खोलीत. म्हणून गॅसचे काम चालू असताना शेगडी, उदबत्ती, विडी सगळे बंद, दारे-खिडक्या सताड उघड्या. त्याला वास जवळपास नसतोच, त्यामुळे ‘वास आला नाही’ यावर विसंबू नये. लेबलावर गॅसचे नाव वाचावे आणि कारागिरालाही दाखवावे.

फ्रिजमागच्या ट्रेमध्ये साचणारे पाणीही आठवड्याला ओतून टाकावे. डेंग्यूचे डास तिथेच अंडी घालतात.

कारागिराला काय विचारावे?

सगळे कारागीर फसवतात असे आमचे म्हणणे नाही. हातातले कौशल्य विकून पोट भरणारा तो आपल्यासारखाच कष्टकरी आहे. पण विचारणे हा आपला हक्क आहे, आणि चांगला कारागीर प्रश्नांवर रागावत नाही. हा कोड कशाचा? तुम्ही मीटरने काय तपासले? सेन्सर किंवा पंखा तपासल्याशिवाय बोर्ड कसा ठरवला? सेन्सर काही शे रुपयांत होतो, बोर्डाला हजारो लागतात. म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा. ‘गॅस संपला’ म्हटले तर गळती कुठे आहे ते दाखवा म्हणावे. गॅस इंधनासारखा जळून संपत नाही, गळती असेल तरच कमी होतो. गळती न बुजवता भरलेला गॅस पुन्हा जाणारच.

खर्चाचा अंदाज कागदावर घ्यावा. नव्या भागाची पावती आणि हमी घ्यावी. जुना भाग परत मागावा. अनेक कंपन्या कॉम्प्रेसरवर १० वर्षांची वॉरंटी देतात, म्हणून वॉरंटी कार्ड आणि बिल जपून ठेवावे. मात्र कॉम्प्रेसर फुकट मिळाला तरी गॅस आणि मजुरी वेगळी लागते का, हे आधी विचारावे.

पैसे घेऊनही काम नीट झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. त्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. पण तिथे तोंडी सांगणे चालत नाही, कागद लागतो. म्हणून पावतीचा आग्रह.

आमच्या फ्रिजच्या बाजूला आता एक लहान वही दोरीने टांगलेली आहे. त्यात फ्रिजचा मॉडेल नंबर, खरेदीची तारीख, बर्फ काढल्याची तारीख आणि तो कोड लिहिला आहे. अक्षर आमच्या मुलीचे आहे. सासूबाईंना अक्षरओळख नाही. पण परवा वीज येऊन-जाऊन करत होती आणि दारावर काही लुकलुकताच त्यांनीच हाक मारली, “अवं, स्विचला हात नको लावू. आधी पोरीले लिहू दे.”